पंच्याऐंशीवी शेळी

हिंटरटानच्या गावकी सभागृहाला सात खिडक्या आहेत. प्रत्येक खिडकीत सहा काचा, तीन-तीनच्या दोन उभ्या रांगांत. एकूण बेचाळीस. त्यांतली एक, मधल्या खिडकीतली सर्वांत वरची, डावीकडची, कॅन्टनची, म्हणजे आमच्या प्रांताची. चाळीस काचांवर गावातल्या चाळीस मूळ घराण्यांची कुलचिन्हं रंगवलेली आहेत. सात अस्वलं, पाच सिंह, नऊ झाडं, सहा तारे नाहीतर चंद्र, अकरा अवजारं, एक मासा, आणि एक असा प्राणी ज्याला ट्रुट्मान घराणं अस्वल म्हणतं आणि बाकीचं गाव डुक्कर.

उरली एक. दुसऱ्या खिडकीतली, तळाची, उजवीकडची. एकतीस सेंटिमीटर रुंद, बेचाळीस उंच. ती साधी आहे. तिच्यावर काहीही नाही. ती आमची.

आमचं आडनाव लोखर. म्हणजे खळग्यात राहणारे. गावकीचा अध्यक्ष बाल्ट्स ट्रुट्मान (तोच, अस्वलवाला) दर नोव्हेंबरच्या सभेनंतर, पत्ते वाटता वाटता, तेच एक वाक्य बोलतो. "विझी, तुमच्या आडनावातच भोक. काचेत ते किती हुबेहूब दाखवलंय बघ!" विझी म्हणजे माझे बाबा, आलोइस लोखर. ते हसतात, पत्ते उचलतात, आणि तो डाव हमखास हरतात.

बाबांनी अडतीस वर्षं टपाल खात्याची पिवळी बस चालवली. खालच्या दरीपासून गावापर्यंत, सत्तावीस वळणं. सभेत त्यांची जागा क्रमांक चौदा, बरोबर त्या साध्या काचेला लागून. चव्वेचाळीस सभा त्यांनी तिथे बसून काढल्या आणि प्रत्येक सभेत ते मान वळवून त्या काचेतून बाहेर बघत राहिले. चाळीस घराण्यांच्या देखत बिचाऱ्यांना मान वर करायची लाज वाटते, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. समजूत आणि निरीक्षण यांतला फरक मला विद्यापीठात पाच वर्षं शिकवला गेला होता. त्याचा इथे उपयोग झाला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या वर्षीच्या सभेहून घरी आल्यावर बाबांनी टोपी खुंटीला लावली आणि जाहीर केलं, "पुढच्या सभेपर्यंत मी सत्तर होतो. त्याच्या आत ती काच भरलेली पाहिजे."

"कशानं?" आईनं विचारलं.

"सिंहानं."

आई बटाटे सोलत होती. तिनं एक बटाटा पूर्ण सोलला, मग म्हणाली, "योली, तू शिकलेली आहेस ना? बघ बाई काहीतरी."

मी कॅन्टनच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत काम करते. नमुना घ्यायचा, पद्धत ठरवायची, निकाल लिहायचा. काचेचं काम मला याहून वेगळं वाटलं नाही. दोन महिने पुरतील असा माझा अंदाज होता.

सल्ल्याला सुरुवात शेजारून झाली. शेजारी राहते माझी गॉटी, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी माझी जबाबदारी घेतलेली धर्ममाता. नाव फिलोमेना. गावकीची चिटणीस सव्वीस वर्षं तीच आहे, त्यामुळे तिचा सल्ला हा ठराव असल्यासारखाच येतो. दुसऱ्या दिवशी ती कॉफी प्यायला आली ती एक मग घेऊनच. मगावर लाल ढाल, ढालीवर सिंह, खाली लिहिलेलं 'लोखर'.

"शहरातल्या दुकानात अख्ख्या मांडणीभर ठेवलेत," ती म्हणाली. "प्रत्येक आडनावाचा एक. हे बघ, तुमचं काम झालं! उगीच कुठं हिंडताय?"

बाबांनी मग दोन्ही हातांनी उचलला. आठवडाभर ते त्यातूनच कॉफी पीत होते आणि पिताना पाठ ताठ ठेवत होते. आठव्या दिवशी मी तो मग पिशवीत घालून कॅन्टनच्या अभिलेखागारात घेऊन गेले.

तिथले आश्वांडन साहेब अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी मग प्रकाशात धरला, उलटा केला, तळ बघितला.

"मग चांगला आहे," ते म्हणाले. "ढाल दुसऱ्या लोखरांची. देशाच्या पार दुसऱ्या टोकाचे ते. तुमचा त्यांचा संबंध नाही, लोखर बाई. खळगे काय, सगळ्या देशात आहेत. प्रत्येक खळग्यात कुणी ना कुणी राहिलंच असणार. आडनाव एक म्हणून घराणं एक होत नाही."

"मग आमचं चिन्ह कोणतं?"

"तुमचं नाहीच."

हे त्यांनी इतक्या हळुवारपणे सांगितलं की मला डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटलं. मग धीर देत म्हणाले, की नवं घेता येतं, कुणाच्याही परवानगीशिवाय घेता येतं, फक्त दुसऱ्याचं असता कामा नये. आणि एक किरकोळ बाब. चिन्ह साऱ्या घराण्याच्या नावानं नोंदवायचं तर मूळगाव हिंटरटान असलेल्या प्रत्येक सज्ञान लोखरला विचारावं लागेल.

आमच्या ओळखपत्रावर जन्मगाव नसतं, मूळगाव असतं. पणजोबानं गाव सोडलं तरी ते पणतवंडांच्या खिशात राहतं. गावात आम्ही लोखर फक्त तीन. नोंदवहीत सज्ञान निघाले त्रेसष्ट. त्यांतल्या बहुतेकांना हिंटरटान नकाशावर दाखवता आलं नसतं.

निघताना आश्वांडन साहेबांनी दोन जुन्या कागदांच्या प्रती हातात दिल्या. "घरच्यांना बरोबर बसवून वाचा," म्हणाले. यांतली चेतावणी मला उशिरा कळली.

पहिला कागद १७४६ चा. गावाचा गुराखी योस्ट लोखर, परगावचा, खिंडीपलीकडच्या कुरणात चौऱ्याऐंशी शेळ्या घेऊन गेला. अवेळी बर्फ पडलं. सगळ्यांनी शेळ्यांची आशा सोडली. अकराव्या दिवशी तो परत आला. 'मोजल्या असता पंच्याऐंशी भरल्या. पैकी एक काळी, आपली नव्हे.' या कामगिरीबद्दल योस्टला गावकीत घेण्यात आलं.

"शेळ्या?" बाबा म्हणाले.

"पंच्याऐंशी," मी म्हणाले.

"सिंह वगैरे काही नाही?"

"बर्फात सिंह कुठून येणार, विझी?" आई म्हणाली.

दुसरा कागद १८९३ चा, सभागृह बांधलं त्या वर्षीचा. साऱ्या काचांवर कुलचिन्हं रंगवावीत असा ठराव. बाजूने चाळीस घराणी, विरोधात एक. 'विरोध: योसेफ मारिया लोखर. कारण: निदान एका काचेतून बाहेरची हवा कशी आहे ते दिसावे.' गावकीनं त्याच्या वाट्याची काच साधी ठेवली.

बाबा उठून उभे राहिले. "म्हणजे हा आमचाच? आमच्याच माणसानं? अख्खं गाव एकीकडे आणि हा एकटा शहाणा? एवढा हट्टी माणूस आमच्या घराण्यात निपजलाच कसा?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. आई मागच्या चार वर्षांपासून बाबांकडे स्वयंपाकघराची भिंत पांढरी करून मागते आहे.

मी त्रेसष्ट पत्रं पाठवली. सोबत मतपत्रिका: सिंह की शेळी. उत्तरं आली बावन्न. विज्ञानात बावन्न ही बरी संख्या आहे. घराण्यात ती नाही. बावन्नांपैकी सदतीस जणांनी दुरुस्त्या सुचवल्या. एका दंतवैद्याला शेळीचे दात दिसायला हवे होते. एका शाकाहारी बाईंना शेळी चालेल पण ती आनंदी दिसली पाहिजे अशी अट होती. कॅनडातल्या एका लोखरनं विचारलं होतं की हा फसवणुकीचा प्रकार आहे का, आणि नसेल तर त्याचं मत शेळीला. गॉटीला मत नव्हतं, तिचं आडनाव वेगळं; पण तिचा आग्रह सर्वांत मोठा. "शेळी ती शेळी. तिला सड दाखवा. बोकड काढाल तर लोक हसतील. पंच्याऐंशीवी दूध देणारी असल्याशिवाय कोण कशाला बर्फातून ओढत आणेल?"

मोजणी केली. शेळी एकतीस, सिंह एकोणीस, कोरी दोन. एकोणिसातलं एक मत घरातलं होतं. ते पेन्सिलीनं ठळक करून दिलेलं होतं.

ही बातमी बाल्ट्सला कळायला अर्धा दिवस लागला. तो कुंपणावर रेलून ओरडला, "विझी, कळलं! काळी, आपली नव्हे! म्हणजे चोरलेलीच की!"

"ती आपण होऊन आली," बाबा म्हणाले. "बर्फात एकटी होती. आमच्या योस्टनं तिला काय म्हणायचं होतं, तू आपली नाहीस, जा मर?"

"चोर असंच सांगतात."

"डुकराला अस्वल म्हणण्यापेक्षा बरं!"

बाबा तडक घरात आले आणि म्हणाले, "योली, शेळीच. काळी. ठरलं." सिंहाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मतमोजणीनं जे झालं नव्हतं ते बाल्ट्सच्या एका वाक्यानं झालं.

रंगाचा नियम सोपा आहे: ढाल लांबून ओळखू आली पाहिजे, म्हणून गडदावर गडद नाही आणि फिक्यावर फिकं नाही. काळ्या शेळीमागे पांढरं किंवा पिवळं चालतं. बाबांनी कोणतं पिवळं निवडलं असेल हे सांगायला नको. बसच्या जुन्या दरवाजाचा एक तुकडा त्यांनी तळघरात जपून ठेवला होता. तो त्यांनी काच रंगवणाऱ्या बाईंकडे नमुना म्हणून स्वतः नेऊन दिला.

सप्टेंबरात जतन खात्याचं पत्र आलं. सभागृह संरक्षित वास्तू आहे. काचा संरक्षित आहेत. विशेषतः दुसऱ्या खिडकीतली साधी काच, कारण १८९३ ची फुंकून केलेली मूळ साधी काच गावात ती एकच उरली आहे. तिला हात लावता येणार नाही.

बाबांनी पत्र तीनदा वाचलं. "म्हणजे चाळीस घराण्यांनी चिन्हं काढली ती नुसती काच," ते हळूहळू म्हणाले, "आणि आमच्या काचेवर काहीच नाही म्हणून ती वारसा?"

"तसंच दिसतंय."

"हे बाल्ट्सला सांगितलं का कुणी?"

तो एक आनंद सोडला तर पत्रानं आमची पंचाईतच केली. चार फोन, दोन अर्ज आणि खात्याच्या एका अधिकाऱ्याची भेट. त्यांनी पट्टीनं सारं मोजलं, माझ्या पट्टीनंही मोजून घेतलं (मला ते आवडलं), आणि मार्ग काढला: आमची काच साध्या काचेच्या आत, दोन सेंटिमीटर अंतर ठेवून, दोन आकड्यांवर टांगायची. भिंतीत खिळा नाही, चौकटीला डिंक नाही.

आता माझ्या चुकीकडे येते. ढालीवरचा प्राणी नेहमी बघणाऱ्याच्या डावीकडे तोंड करतो. हे मी चार पुस्तकांत पडताळलं आणि आराखड्यावर बाण काढून लिहिलं. सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, काच टांगली. सुंदर होती. बसच्या पिवळ्यावर काळी शेळी, सड रीतसर, दात झाकलेले, चेहऱ्यावर समाधान. खाली नाव, LOCHER. आई रुमाल शोधू लागली.

बाल्ट्स चावी घेऊन मागे उभा होता. तो म्हणाला, "पाठ फिरवलीय."

"कुणाकडे?"

"कॅन्टनकडे."

मी सगळ्या खिडक्या बघितल्या. अठ्ठावीस वर्षं मी या सभागृहात येते आहे. मधल्या खिडकीच्या डावीकडचे सगळे प्राणी उजवीकडे बघतात, उजवीकडचे डावीकडे. सगळे मध्ये, कॅन्टनच्या ढालीकडे. ही सभ्यतेची रीत, आणि ती चारही पुस्तकांत तळटीपेत होती. तळटीप मी वाचली नव्हती. आमची शेळी डाव्या बाजूला, आणि अख्ख्या सभेत ती एकटी कॅन्टनला शेपूट दाखवून दाराकडे निघालेली.

"चोरलेली आहे ना, पळणारच," बाल्ट्स म्हणाला. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. बाबांचा चेहरा त्यानंही बघितला होता. त्यानं शिडी लावली, काच आकड्यांवरून काढली, उलटी केली आणि पुन्हा टांगली. शेळी वळली. कॅन्टनकडे बघू लागली. नाव मात्र आता उजवीकडून डावीकडे वाचावं लागत होतं.

"नाव उलटं झालं," मी म्हणाले.

"असू दे," बाबा म्हणाले. "कुणाची आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

रविवारी सकाळी साडेनऊला मी प्रयोगशाळेतून आणलेल्या प्रकाशमापकानं चिटणिसांच्या टेबलावरचा उजेड मोजला. काच काढून चारशे दहा लक्स, लावून एकशे साठ. ते टेबल दुसऱ्या खिडकीखालीच आहे, साध्या काचेचा उजेड मिळावा म्हणून. हा आकडा मी स्वतःजवळ ठेवला. काही निकाल लगेच जाहीर करायचे नसतात.

सभेला अठ्ठावन्न जण होते. मतमोजणीला दरवर्षी माझीच निवड होते, कारण मी दोनदा मोजते. बाबा चौदा नंबरवर, नव्या कोटात, पाठ ताठ. बाल्ट्सनं उठून स्वागत केलं आणि म्हणाला, "आजपासून बेचाळीस." एवढंच. मग त्यानं, आमच्याकडे टाळ्यांऐवजी करतात तसं, टेबलावर मुठीनं दोनदा ठोकलं, तसं सगळ्यांनी ठोकलं, आणि बाबांचे कान लाल झाले. ते त्या पिवळ्या उजेडातही दिसलं.

मग गॉटी गेल्या वर्षीचं इतिवृत्त वाचायला उभी राहिली. गॉटीची पद्धत अशी, की इतिवृत्त भलं मोठं लिहायचं, महत्त्वाच्या ओळींवर पिवळ्या मार्करनं रेघ ओढायची, आणि सभेत फक्त त्याच वाचायच्या. सहा मिनिटांत काम आटोपतं. तिनं वही उघडली. पान उलटलं. पुन्हा मागचं उलटलं.

"माझ्या रेघा कुठं गेल्या?"

पिवळ्या उजेडात पांढरा कागदही पिवळाच दिसतो, आणि त्यावरची पिवळी रेघ नाहीशी होते. हे मी तिला हळूच सांगितलं.

"मग आता काय वाचू?"

"सगळं वाच," मागून कुणीतरी म्हणालं, आणि ही त्या माणसाची आयुष्यातली सर्वांत मोठी चूक असावी. गॉटीनं सगळं वाचलं. कोण किती वाजता खोकत बाहेर गेलं तेही. गेल्या वर्षी बाल्ट्सनं कुंपणाच्या ठरावावर बोलताना काढलेले तीन शब्द, जे रेघेखाली कधीच आले नसते, तेही. एकोणपन्नास मिनिटं.

एकेचाळिसाव्या मिनिटाला बाहेरून भोंगा वाजला, तीन सुरांचा. दहा पन्नासची बस वरच्या वळणावर आली होती. बाबा सवयीनं खिडकीकडे वळले. त्यांच्या नाकासमोर शेळी होती. त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, मग शिंगांच्या मधून बघायचा प्रयत्न केला.

"योली," ते कुजबुजले, "वळण रुंद घेतलं का त्यानं? की आतूनच कापलं?"

"दिसत नाही, बाबा."

त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. कडा झिजलेली, आत तारखा. प्रत्येक नोव्हेंबरच्या सभेचा रविवार, दहा पन्नासची गाडी, किती मिनिटं उशीर, वळण कसं घेतलं. आणि मी समजत होते ते लाजेनं मान वळवतात. आजची तारीख त्यांनी लिहिली आणि पेन्सिल तशीच धरून बसले.

"चव्वेचाळीस वर्षांत ही एकच जागा रिकामी," ते म्हणाले.

इतिवृत्त संपल्यावर गॉटीनं वही मिटली आणि ठराव मांडला. एक तर ही काच सभेपुरती उतरवावी, नाहीतर चिटणिसाला टेबलावर दिवा मिळावा. काच उतरवायला एकही माणूस तयार नव्हता. "लोखरांची काच हलणार नाही," बाल्ट्स म्हणाला, आणि त्याला मी कधी इतकं गंभीर बघितलं नव्हतं. दिव्यावर मात्र पंचवीस मिनिटं चर्चा झाली: मान वळणारा असावा की न वळणारा. शेवटी ठरावाचं वाक्य असं झालं. 'लोखर घराण्याची काच दुसऱ्या खिडकीत कायम राहावी; चिटणिसास मान वळणारा दिवा द्यावा.'

"बाजूने?" बाल्ट्सनं विचारलं.

हात वर झाले. मी माझा हात वर धरून रांगेरांगेनं मोजत गेले. आई, गॉटी, बाल्ट्स, सगळे. चौदा नंबरवरचे दोन्ही हात वहीवर होते.

"विरोधात?"

चौदा नंबरवर एक हात वर आला. सभागृहात कुणी हसलं नाही. फक्त आईनं डोळे मिटून घेतले.

"विझी," गॉटी पेन उचलत म्हणाली, "कारण लिहायचं का?"

"लिही," बाबा म्हणाले. "बस दिसत नाही."

गॉटीनं लिहिलं. मी पहिल्या रांगेपासून पुन्हा मोजलं आणि आकडे तिला सांगितले. बाजूने सत्तावन्न. विरोधात एक.